बंदुका पूर्ण होत्या

मी भित्री आहे, हे आमच्या लाखनीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. हायवे ओलांडायचा असला की दोन्हीकडचे ट्रक जाईपर्यंत मी थांबते, आणि तेवढ्यात आणखी एक येतो. शेजारच्या दुकानाचं शटर कोणी जोरात ओढलं तरी माझ्या छातीत धस्स होतं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्यापाठी तो सहकुटुंब फिरतो. अशी बाई शाळेच्या कॅडेटांच्या मदत मंडळात कशी गेली, असं लोक हसत विचारतात. उत्तर साधं आहे. आमचं कापडाचं दुकान, खाकी कापड आमच्याकडून जायचं, आणि शाळेच्या तुकडीत मुली यायला लागल्यावर वर्दीची मापं घ्यायला कोणीतरी बाई हवी होती.

मंडळ म्हणजे काही फार मोठी संस्था नाही. निवृत्त मुख्याध्यापक अध्यक्ष, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. बाकी दोन-चार दुकानदार, एक डॉक्टर आणि मी. कॅडेटांना वर्दी वरून मिळते, पण ती कोणाच्या अंगाला येईल याची खात्री नसते. बूट येतात तर मोजे येत नाहीत. कवायत पहाटे असते आणि पोरं उपाशीपोटी येतात. या सगळ्या फटी आम्ही बुजवायच्या. रविवारी कवायतीनंतर उकडलेली अंडी आणि केळी द्यायची, शिबिराला पिकअप आणि भांडीकुंडी द्यायची, कोणाचा पाय मुरगळला तर दवाखान्यात न्यायचं. गुरुजींच्या हौसेनं आम्ही आणखी एक गोष्ट दिली होती. अड्याळच्या एका सुताराकडून लाकडी बंदुका करून घेतल्या होत्या, खऱ्या बंदुकीच्या वजनाच्या. प्रत्येक कॅडेटला एक. त्या बंदुकांचा गुरुजींना भारी अभिमान. पाहुणा आला की आधी बंदुका दाखवायचे, मग पोरं.

पण मला विचाराल तर मंडळाचं खरं काम वेगळंच होतं. ते होतं आयांना राजी करण्याचं. मुलाला पाठवायला कोणी हरकत घेत नाही. मुलगी म्हटलं की दारातच प्रश्न सुरू होतात. रात्री कुठं झोपतील, सोबत बाई कोण, न्हाणीघर आहे का. गुरुजी या प्रश्नांना देशसेवा वगैरे उत्तरं द्यायचे. मग आया पदर तोंडाला लावून गप्प बसायच्या. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी भित्री, त्यामुळे त्यांच्या मनात काय काय येत असेल ते मला न सांगता कळायचं.

ही गोष्ट अशाच एका आईच्या पोरीची आहे. तळ्यात जाळं टाकणाऱ्यांचं घर, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागूनच. बाप पहाटे मासळी घेऊन बाजारात जायचा, घरचं सगळं आईच्या हातात. पोरगी नववीत, काटक, बोलायला कमी. कवायतीत पहिल्या रांगेत असायची आणि उस्तादांच्या तोंडून शब्द पुरा होण्याआधी तिची टाच जमिनीवर आदळायची. उस्ताद म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. ते म्हणायचे, "ताई, ही पोरगी म्हणजे सोना आहे. एकदा सांगितलं की बस." अंडी वाटायला ती आपणहून माझ्याजवळ येऊन उभी राहायची. मला तिची सवय झाली होती.

हिवाळ्यात साकोलीच्या पुढे, जंगलाच्या कडेला एका गावात शिबिर ठरलं. तिची आई नाही म्हणाली. मी गेले तेव्हा ती जाळं विणत बसली होती.

"पान्याचं भेव नाही मले," ती म्हणाली. "पान्यात त पोरगी मासोरीवानी रायते. पन तिकडं जंगल हाये. जनावर हाये."

आमच्याकडची जुनी माणसं वाघाला वाघ म्हणत नाहीत. जनावर म्हणतात, आणि तेही आवाज खाली करून.

"मी सोबत आहे ना," मी म्हणाले. "माझ्या नजरेसमोरून हलू देणार नाही."

तिनं जाळं बाजूला ठेवलं. मग आत गेली, सुपात तांदूळ घेऊन आली, मला कुंकू लावलं आणि माझ्या पदरात ओंजळभर तांदूळ टाकले. सवाष्णीची ओटी भरतात तशी. "पोरगी तुमच्या वटीत टाकली बाई," ती म्हणाली. माणसानं असा शब्द देऊ नये, हे मला पदर सावरतानाच कळलं होतं.

शिबिर गावाच्या समाजमंदिरात होतं. मागे धानाचे बांध, त्यापलीकडे एक जुनं तळं, आणि तळ्याच्या पलीकडच्या काठापासून जंगल. पहिल्याच सकाळी वनरक्षक मोटारसायकलवर येऊन सांगून गेला की जनावराचा वावर आहे, पण दुसऱ्या अंगाला, इकडे नाही. गुरुजींनी समाधानानं मान हलवली. मला मात्र त्या वाक्यातलं "आहे" तेवढं ऐकू आलं. जनावराला कोणी अंग नेमून दिलं आहे का? मी उस्तादांना म्हटलं, पोरांना तळ्यापलीकडे नेऊ नका. ते म्हणाले, "ताई, दिवसाढवळ्या काही नाही होत. आणि मी आहे ना." मीही तिच्या आईला हेच म्हणाले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी लपण्याचा सराव होता. अर्ध्या पोरांनी जंगलाच्या कडेला झाडाझुडपांत लपायचं, अर्ध्यांनी शोधायचं. नियम एकच. लपलेल्यानं हलायचं नाही, आवाज द्यायचा नाही, कोणी नाव घेऊन हाक मारली तरी ओ द्यायची नाही, कारण शत्रूलाही नाव ठाऊक असू शकतं. सापडलात तर बाहेर या. नाही सापडलात तर उस्तादांच्या तीन शिट्ट्या ऐकूनच बाहेर या. लपणाऱ्यांनी आपापल्या लाकडी बंदुका तळ्याच्या पाळीवर रचून ठेवल्या, कारण बंदूक घेऊन झुडपात शिरता येत नाही. मी समाजमंदिरापाशी स्वयंपाकाच्या मागे होते. ती पोरगी लपणाऱ्यांत होती; जाताना माझ्याकडे पाहून किंचित हसली होती.

थोड्याच वेळात आरडाओरड झाली. एक मुलगा कोरड्या नाल्यात पडला होता आणि त्याचं मनगट भलतीकडेच वळलं होतं. उस्तादांनी त्याला उचलून पिकअपमध्ये घातलं आणि साकोलीच्या दवाखान्याकडे पिटाळली गाडी. जाता जाता मोठ्या कॅडेटला, तो अकरावीचा मुलगा, ओरडून सांगितलं, "सगळ्यांना गोळा करून आण."

त्यानं आणलं. पोरं घाबरलेली होती, सराव मोडला हे दिसतच होतं, बहुतेक जण आपणहून बाहेर आले होते. सगळी पोरं रांगेत पाळीवरून आली, बंदुका भिंतीशी रचल्या, आणि मोठ्या कॅडेटनं बंदुका मोजून गुरुजींना सलाम ठोकला. "बंदुका पूर्ण, सर. सब ठीक."

गुरुजींनी सलाम घेतला. आमच्या तुकडीत हाजिरी अशीच व्हायची. बंदूक ज्याची त्याच्या खांद्यावर, त्यामुळे बंदुका पूर्ण म्हणजे पोरं पूर्ण. एरवी ते बरोबरच होतं. पण त्या दिवशी कोणीतरी आपल्या बंदुकीबरोबर पाळीवर उरलेली एक बंदूकही उचलून आणली होती.

जेवणं सुरू झाली. मी भात वाढत होते आणि वरणाच्या पातेल्याशी कोणीच नव्हतं. ती जागा त्या पोरीची. मी इकडेतिकडे पाहिलं. न्हाणीघराकडे गेली असेल म्हणून थांबले. मग तिच्या मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "काकू, ते त आमच्या संग नोती. आमाले वाटलं मुलांच्या टोळीसंग आली." मुलांच्या टोळीला वाटलं होतं, मुलींसोबत आली. माझ्या हातातला डाव पातेल्यात पडला.

गुरुजी म्हणाले, "बंदुका पूर्ण आहेत ना?"

मी आयुष्यात कधी गुरुजींना उलटून बोलले नव्हते. "तुमच्या बंदुका घाला चुलीत," मी म्हणाले. "पोरगी कुठं आहे?"

गुडघ्यांमुळे गुरुजींना चालवत नव्हतं. ते पोरांजवळ थांबले. मोठा कॅडेट, आणखी दोन मोठी मुलं आणि मी, असे आम्ही तळ्याकडे निघालो. मी जंगलात जायला निघाले होते. हायवे ओलांडायला घाबरणारी मी, काठापासून पुढे पाऊल टाकलं तेव्हा माझ्या चपलेखाली सुकलेली पानं वाजली आणि मी स्वतःच्याच आवाजानं दचकले. ऊन अजून होतं, पण झाडाखाली ते पोचत नव्हतं. आमच्याकडे जंगलात शिरणारा माणूस खोकतो, गातो, बडबडतो, म्हणजे जनावर आधीच बाजूला होतं. मी मोठ्यानं बोलत राहिले, काय बोलत होते ते आठवत नाही. बहुतेक वरणाबद्दल. मग तिच्या नावानं हाका मारायला लागले. एकदा, दोनदा, घसा बसेपर्यंत. मोहाच्या एका जुन्या झाडाजवळ उभी राहून मी अक्षरशः विनवण्या केल्या. बाळा ये, जेवण थंड होते, आई वाट पाहते, मी शब्द दिला आहे. उत्तर नाही.

आत बरंच शोधून परत आलो तेव्हा तळ्याच्या पलीकडच्या कडेला, ओल्या गाळात ठसे होते. मोठ्या कॅडेटनं मला ते दाखवायचं टाळलं, पण मी त्याची नजर पाहिली. "जुने हाये काकू," तो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. ठसे जुने की नवे हे मला कळत नाही; पण त्यांच्यात अजून पाणी झिरपत होतं, हे मला दिसत होतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तिची आई आली, आणि मी तिला हे कोणत्या तोंडानं सांगणार, हा विचार. मी देवाला नवसही बोलू शकले नाही. भीतीनं माझं डोकं इतकं रिकामं झालं होतं की देवाचं नाव आठवेना.

आम्ही पुन्हा त्या मोहाच्या झाडापाशी आलो. मी पुन्हा हाका मारल्या. मग पोरांवर ओरडले, की तुम्ही नीट हाका मारत नाही, ती बेशुद्ध तर पडली नसेल ना, साप तर नसेल. मोठा कॅडेट रडवेला झाला होता. तो म्हणाला, "काकू, ऐकत असन तरी ते येनार नाही. उस्तादची सिटी झालीच नाही न."

मला त्याचं बोलणं उमजायला जरा वेळ लागला. उस्ताद साकोलीला गेले होते, आणि शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. ती पोरगी इथंच कुठेतरी बसून आम्हाला पाहत असेल, ऐकत असेल, आणि बाहेर येत नसेल, हे माझ्या मनात आलं तेव्हा मला त्या ठशांपेक्षाही जास्त भीती वाटली. मोठ्या कॅडेटनं तोंडात बोटं घालून तीनदा शीळ घातली. काही हललं नाही. तिला शिट्टी आणि शीळ यांतला फरक कळत होता.

मोबाइलला रेंज नव्हती. एका मुलाला पाळीवर पळवलं. तिथून फोन लागला. उस्ताद त्या मुलाच्या मनगटाला प्लास्टर करून घेऊन निघालेच होते. आम्ही त्यांची वाट पाहत उभे राहिलो. आजवर मी पुष्कळ भीती भोगली आहे, पण असं थांबणं कधी नशिबी आलं नव्हतं. सूर्य झाडांमागे उतरत होता. तळ्यावर धुकं धरू लागलं. जंगलात कुठंतरी माकडं एकदम खेकसली आणि मग सगळं गप्प झालं. आम्ही चौघं एकमेकांच्या इतके जवळ उभे होतो की खांदे लागत होते. मी पोरांचे हात धरले होते, त्यांना धीर द्यायला म्हणून. खरं तर मला धरायला कोणीतरी हवं होतं.

पिकअप आली. उस्ताद पळतच पाळीवरून उतरले. गळ्यातली शिट्टी ओठांत धरली आणि तीनदा फुंकली.

मोहाच्या त्या जुन्या झाडामागून ती उठली. ज्या झाडाजवळ उभी राहून मी विनवण्या केल्या होत्या, त्याच्याच मागून. केसांत पानं, तोंडाला माती, गुडघे आखडल्यामुळे पहिली पावलं वाकडी पडली. मग ती सरळ झाली, उस्तादांसमोर येऊन उभी राहिली, सलाम केला आणि म्हणाली, "कॅडेट हाजिर, उस्ताद. मी सापडली नाही."

उस्तादांनी सलाम घेतला नाही. त्यांचा हात वर गेलाच नाही. मी तिला थोबाडीत मारायला धावले आणि गळ्यात पडून रडले. ती माझ्या मिठीत ताठ उभी होती. तिला माझं रडणं कशासाठी ते कळत नव्हतं.

शिबिर तिथंच आवरून आम्ही त्याच रात्री परत निघालो. पिकअपमध्ये ती माझ्याशेजारी बसली. थोडा भात खाल्ला. मग हळूच म्हणाली, "काकू, तुमी पयल्यांदा हाका मारून गेल्या न, मंग तो आला."

"कोण?"

"जनावर. पानी पेला. मायाकडं पाह्यलं बी."

"मग तू काय केलंस?"

"काही नाही. हाललीच नाही." तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. तेवढ्यात तिचे दात वाजायला लागले आणि घरी पोचेपर्यंत वाजत राहिले. मी तिला माझ्या शालीत गुंडाळलं. माझे दात तिच्या आधीपासूनच वाजत होते.

गुरुजी म्हणाले की पोरगी सुखरूप आहे, तर तिच्या आईला घोर कशाला लावायचा, उगाच मंडळाचं नाव जाईल, उद्या कोणी मुली पाठवणार नाही. त्यांचंही एका अर्थी खरं होतं. पण ज्या घरानं माझी ओटी भरली त्या घरी मी खोटं बोलू शकत नव्हते. मी स्वतः गेले आणि सगळं सांगितलं. झाड, ठसे, शिट्टी, जनावर. आई जाळ्यावरचा हात थांबवून ऐकत होती. मला वाटलं, आता ती मला शिव्या देईल. मला त्या हव्या होत्या.

पण ती पोरीकडे वळली.

"बाई येवढ्या बोंबलत होत्या, त तू काहून नाही आली?"

"ऑर्डर होती माय."

"आन म्या हाक मारली असती त?"

पोरगी खाली मान घालून बुटांकडे पाहत राहिली. आईनं पुन्हा विचारलं, यावेळी अगदी हळू. पोरगी म्हणाली, "सिटी वाजली असती त आली असती."

आई उठली आणि चुलीपाशी गेली. मी निघाले तेव्हा तिनं मला दारापर्यंत पोचवलं नाही.

मला खात्री होती की पोरगी आता तुकडीत दिसणार नाही. पण पुढच्या रविवारी ती पहिल्या रांगेत होती. आणि मंडळाच्या टेबलाशी, अंड्यांच्या पातेल्यापलीकडे, तिची आई उभी होती. पहाटेच चालत आली असावी. पायांवर धूळ होती. गुरुजी लगबगीनं पुढे झाले, त्यांना वाटलं तक्रार आहे.

"तुमी सारं देता म्हनतेत," ती म्हणाली. "बूट देता, मोजे देता. मले एक सिटी द्या. तशीच, उस्तादची हाये तशी."

गुरुजी हसले. दुसरं कोणीच हसलं नाही, म्हणून तेही थांबले. उस्तादांनी आपल्या गळ्यातली दोरी काढली आणि शिट्टी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, पदरानं पुसली आणि ओठांना लावली. पहिल्यांदा नुसतीच हवा गेली. मग तिनं पोटातून जोर लावून फुंकली.

मैदानावर एकदम शांतता झाली. एक शिट्टी म्हणजे सावधान; सगळ्या टाचा एकाच वेळी जुळल्या. धावणारी पोरं जागच्या जागी खिळली, हात मांड्यांना चिकटले, नजरा समोर. तिची पोरगीही त्यांच्यातच होती, हनुवटी वर, डोळे कुठंतरी दूर. आई त्या रांगांकडे पाहत राहिली. आपली कोणती, हे तिला चटकन सापडेना. सापडली तेव्हा तिनं हात हलवला. पोरीची पापणीही हलली नाही.

आई माझ्याकडे वळली. तिनं शिट्टी माझ्यापुढे धरली.

"बाई," ती म्हणाली, "आता याहिले सोडाचं कसं?"